प्रतिसाद: जुना एसएमपीएस आणि हॅसवेल

कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरच्या काळातला ४५० वॅटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) इंटेलच्या आय५-४५७० प्रोसेसरला चालेल का, असं विचारलंय तुम्ही. वॅटची काळजी सोडा. प्रोसेसरचा टीडीपी, म्हणजे पूर्ण भारावरचा ढोबळ वीजखर्च, ८४ वॅट; वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ४५० भरपूर झाले. अडचण उलट्या बाजूने येते. २०१३ च्या हॅसवेल पिढीला (तुमचा आय५-४५७० त्यातलाच) इंटेलने फारच गाढ झोप दिली. काम नसतानाच्या सी६-सी७ या झोपेच्या अवस्थेत प्रोसेसरच्या १२ व्होल्ट लाइनवरचा भार ०.०५ अँपिअरपर्यंत उतरू शकतो. जुने सप्लाय किमान ०.५ अँपिअर गृहीत धरून बनवलेले. इतक्या कमी भारावर काहींचं व्होल्टेज बिघडतं आणि ते स्वतःला बंद करून घेतात. म्हणजे गेम खेळताना मशीन ठणठणीत, आणि तुम्ही चहाला उठलात की बंद!

उपाय फुकटचा आहे: बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) सी६/सी७ डिसेबल करा. वीज किंचित जास्त जाईल, इतकंच. मीही तसंच चालवलं.

पण त्याआधी एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्च मारून कॅपॅसिटरची (आतल्या छोट्या नळकांड्यांची) डोकी बघा. फुगलेली दिसली तर बायोसमध्ये शिरूच नका, सरळ नवा घ्या.