अश्वगंधेचं सस्पेन्शन: कंट्रोल फ्लास्कमध्येही विथाफेरिन वाढतंय, चुकतंय कुठे?

रोपटी_नागपूर:
नमस्कार. नागपुरात अश्वगंधेवर पीएचडी करते आहे. पानांपासून कॅलस (पेशींचा गोळा), त्यातून सेल सस्पेन्शन (द्रवात सुट्या वाढणाऱ्या पेशी). एमएस मीडियम (पेशींचं पोषक द्रावण), ३ टक्के साखर, २५ अंश, फ्लास्क हलवणारा शेकर ११० आरपीएमवर. विथाफेरिन-ए हे अश्वगंधेतलं औषधी द्रव्य वाढावं म्हणून चौदाव्या दिवशी अर्ध्या फ्लास्कांत १०० मायक्रोमोलर मिथाइल जास्मोनेट (वनस्पतींना ताणाचा इशारा देणारं रसायन) घातलं, अर्धे कंट्रोल. सहा दिवसांनी एचपीएलसी यंत्रावर मोजणी. ट्रीटमेंटमध्ये विथाफेरिन-ए वाढलं, खूप आनंद झाला. पण कंट्रोलमध्येही वाढलं! आधीच्या महिन्यांतल्या कंट्रोलच्या जवळजवळ दीडपट.

पहिल्या बॅचच्या वेळी मे महिन्यात रात्री लाइट गेली, एसी बंद पडला, सकाळी खोलीत ३४ अंश. म्हणून तो उष्णतेचा ताण समजले. दुसऱ्या बॅचला तर एसी एकदाही बंद पडला नाही, तरी तेच. गाइड मॅडमपुढे जाण्याआधी कारण कळायला हवं. सांगा नं कुणी.

हिरवा_कोपरा:
ताई, जास्मोनेट इथेनॉलमध्ये विरघळवलं असेल. कंट्रोलमध्ये तेवढंच इथेनॉल घातलं होतं का?

रोपटी_नागपूर:
हो, ०.१ टक्के, दोन्हींत सारखंच. आधीच्या कंट्रोलमध्येही तेवढंच होतं.

जुना_शेकर:
सगळे फ्लास्क एकाच बंद शेकरमध्ये होते का? आणि तोंडाला कापसाचे बोळे?

तसं असेल तर आधी तिथेच बघ. मिथाइल जास्मोनेट उडतं. १९६२ साली ते जाईच्या सुगंधी तेलातून वेगळं काढलं, आपलं एमएस मीडियमही त्याच वर्षीचं. १९९० मध्ये फार्मर आणि रायन या संशोधकांनी बंद बरणीत टोमॅटोच्या रोपांशेजारी सेजब्रशच्या, म्हणजे मिथाइल जास्मोनेट सोडणाऱ्या झुडपाच्या, फांद्या ठेवल्या. रोपांना स्पर्शही न होता त्यांच्या पानांत किड्यांपासून बचाव करणारी प्रथिनं तयार झाली. निरोप हवेतून गेला होता. कापसाचा बोळा जंतू अडवतो, वाफ नाही. माझ्या मते तुझ्या कंट्रोलनाही तोच निरोप पोचतोय.

कंट्रोल दुसऱ्या खोलीतल्या शेकरवर ठेव. शेजारी कायटोसानचा एक गट लाव, तेही पेशींना असंच चेतवतं, पण उडत नाही. मात्र ते पातळ ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळतं, म्हणून त्याच्या कंट्रोलला तेवढंच ॲसिड घाल आणि दोन्हींचा पीएच ५.८ वर आण.

अजून एक, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ड्राय वेट (सुकवलेल्या पेशींचं वजन) काढलंस का? जास्मोनेटने पेशींची वाढ मंदावते. ग्रॅममागे दुप्पट आणि पेशी निम्म्या, तर लिटरमागे जास्तीचं हाती काहीच नाही. जपानमध्ये पेशींपासून शिकोनिन हे लाल रंगद्रव्य काढताना आधी वाढीच्या मीडियममध्ये पेशी भरपूर वाढवत आणि मगच उत्पादनाच्या मीडियममध्ये नेत, ते याचसाठी. तुझा चौदावा दिवस वाढीच्या कोणत्या टप्प्यावर येतो, ते ग्रोथ कर्व्हवर बघ.

रोपटी_नागपूर:
सर, एकच शेकर, कापसाचेच बोळे. झाकण उघडलं की फुलांसारखा मंद वास यायचा, मला तो छान वाटायचा! आधीचे कंट्रोल मात्र जास्मोनेट आणण्याआधीचे होते, आता जुळतंय सगळं. ड्राय वेट काढलंय, ट्रीटमेंटचं कमीच भरलं. लिटरमागचा हिशोब आज रात्रीच करते. शेजारच्या लॅबमध्ये शेकर रिकामा आहे, सोमवारी कंट्रोल तिकडे हलवते. कायटोसानसाठी ॲसिड किती टक्के घेऊ?

जुना_शेकर:
स्टॉक १ टक्का ॲसिडमध्ये कर, पण फ्लास्कमध्ये अगदी थोडा जाऊ दे. आणि जास्मोनेटची बाटली कल्चर रूममध्ये उघडू नकोस.