जुने ट्रॅक्टर आणि लहान मुलांचे हात : तुमचे अनुभव सांगा

अमेरिकेत आयोवातल्या माउंट प्लेझंटला लेबर डेच्या (सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या) सुट्टीत ओल्ड थ्रेशर्सचा, म्हणजे जुन्या शेतीयंत्रांचा मेळा भरतो, १९५० पासून. काही ट्रॅक्टरांभोवती दोरी बांधलेली असते, तर काही मालक स्वतःच पोराला उचलून सीटवर बसवतात. मला हे दुसरे मालक आवडतात. इंजिन बंद आणि थंड असेल, मालक शेजारी असेल, तर मुलांना हात लावू द्यावा. तुमच्या मुलांनी काय काय हाताळलं, लिहा. सुरुवात मी करते.

आमच्या लेकीला एका आजोबांनी जॉन डिअर 'डी' दाखवला. हे मॉडेल १९२३ ते १९५३ अशी तीस वर्षं निघत होतं. दोनच सिलिंडर. त्यांच्या ट्रॅक्टरला स्टार्टर नव्हता, डाव्या बाजूचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं भलंमोठं जड चाक, हाताने फिरवायचं. आजोबांनी प्लगच्या वायरी काढल्या, सिलिंडरचे छोटे कॉक (हवा सोडायच्या तोट्या) उघडले आणि तिला म्हणाले, "लाव जोर." एक हात त्यांचाही होता. चाक फिरलं तशी कॉकमधून फुस्स करून हवा आली. मग कॉक बंद करून पुन्हा ढकलायला सांगितलं, तर चाक हटेना! दाबलेली हवा किती जोर धरते, ते तिला हातालाच कळलं. नव्या ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून हे दाखवता येत नाही.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून : आमच्या गावातच बनलेला फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टर. १९४६ ते १९५६ मध्ये पाच लाखांहून जास्त निघाले. मुलगा सीटवर बसल्या बसल्या चावी शोधू लागला. मालकीणबाईंनी बॅटरीची वायर काढून गिअरचा दांडा त्याच्या हातात दिला. तो 'एस'वर नेला की स्टार्टर लागतो, म्हणजे गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर चालूच होत नाही. मागची लिंकेज (अवजार जोडायचे दांडे) बघून तोच म्हणाला, साताऱ्याला आबांच्या मॅसी ट्रॅक्टरला अशीच आहे. इथे शेतकामावरच्या ट्रॅक्टरवर १३ वर्षांखालच्या मुलांना बसवायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे मेळ्यातल्या उभ्या ट्रॅक्टरची मोठीच सोय.

अमेरिकेतल्या पिओरियाहून : सगळं मान्य, पण थ्रेशरच्या फिरत्या पट्ट्याजवळ आणि पीटीओजवळ (अवजाराला फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या दांड्याजवळ) मूल अजिबात नको. सायलेन्सर इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ तापलेला असतो. मी आधी माझा हात जवळ नेऊन बघतो. आणि मालकाला विचारल्याशिवाय नाहीच. रंगकामात हिवाळेच्या हिवाळे गेलेले असतात, पोराच्या बेल्टच्या बकलने ओरखडा पडला तर जीव हळहळतो.

बारामतीहून : आमच्याकडे मेळा नाही, पण काकांच्या गोठ्याशेजारी इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टर उभा आहे. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६३ मध्ये कंपनी काढली, तिचा. दिवाळीत पोरं जमली की काका त्यांच्या हातात डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) आणि चिंधी देतात. यंदा ग्रीस भरायची निपलं (छोटी तोंडं) शोधायला लावली. जास्त सापडतील त्याचा स्टेअरिंगवर पहिला नंबर. धाकटीने पुढच्या चाकामागचं एक असं काढलं, की काका विसरूनच गेले होते. ग्रीस वाळून दगड झालेलं. सुट्टी संपायच्या आत दोघं मिळून ते खोलणार आहेत.