नर्सरीतला तो मोठा टचवाला बोर्ड: बाई त्यावर नेमकं करतात काय?

सेक्टर२०ची_आई

नमस्कार मंडळी. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, जूनपासून शाळेत घालायचाय. खारघरमध्ये आतापर्यंत तीन प्रीस्कूल बघून झाल्या आणि तिन्हीकडे आधी काय दाखवलं तर भिंतीवरचा तो भलामोठा बोर्ड, ७५ इंची, "आमच्याकडे सगळं इंटरॅक्टिव्ह आहे मॅम". बरं इंटरॅक्टिव्ह म्हणजे काय विचारलं तर म्हणे मुलं स्वतः टच करतात, आणि मग काउन्सेलर मॅडमनीच एक फुगा फोडून दाखवला, ए फॉर ॲपलचा. टाळ्या पण वाजल्या बोर्डातून.

घरी मोबाईल सोडवताना आमची काय दशा झालीये ते आमचं आम्हाला ठाऊक. व्हिडिओ लावल्याशिवाय घास तोंडात घ्यायचा नाही, चार महिने लागले. आणि आता पैसे भरून शाळेत स्क्रीन? नवरा म्हणतो पुढे सगळं हेच आहे, सासूबाई म्हणतात हे काय शिक्षण का सिनेमा. मला कोणाची बाजू घ्यायची नाहीये, फक्त कळायचंय की जिथे हे नीट वापरतात तिथे टीचर त्याचं करतात काय, आणि शाळेच्या एका भेटीत ते ओळखायचं कसं. इथे कोणी प्रीप्रायमरीला शिकवतं का?

पाचपाखाडीचा_पक्या

शिकवत नाही, भरतो. फी.

आमच्या कार्टीच्या वर्गात आहे हा बोर्ड. सकाळी आल्या आल्या गाणी लागतात, मुलं गोलात बसतात, टीचर मागे बसून वह्यांवर स्टार काढतात. फायदा एकच झाला, घरी टीव्हीला बोट लावते आणि चित्र हललं नाही की भोकाड पसरते. बाकी शाळा चांगली आहे हो, मावशी जीव लावतात.

बालवाडीवाली

घोडबंदर रोडला एका शाळेत आहे, चौदा वर्षं नर्सरी आणि ज्युनियर केजी. पक्याभाऊंनी लिहिलंय ते खरं आहे आणि पहिलं वर्षभर मीही तेच करायचे, लपवत नाही. कंपनीचा माणूस आला, दीड तासात मेनू दाखवून गेला, ते आमचं ट्रेनिंग. वीस पोरं, एक मी, एक मावशी, मग गाणी लावली की वर्ग गप्प बसतो आणि तेवढ्यात डबे उघडून होतात. मोह होतो.

नंतर साधा हिशोब लक्षात आला. एका मुलाला एक मिनिट दिलं तर वीस मिनिटं जातात आणि त्या वीस मिनिटांत प्रत्येक मूल एक मिनिट करतं आणि एकोणीस मिनिटं नुसतं दुसऱ्याला बघतं, मग चिमटे, ढकलाढकली. म्हणून आता पूर्ण वर्गाला बोर्डसमोर बसवतच नाही. चार-पाच जण बोर्डजवळ, बाकीचे ठोकळे, माती, पुस्तकं, भातुकली. दहा मिनिटांनी बदल, तोही ज्याला हवा त्याला.

करते काय ते सांगते. मागच्या पावसाळ्यात गेटपाशी गोगलगाय सापडली. ती काचेच्या ताटलीत घेतली, फोनचा कॅमेरा खालून धरला आणि ते चित्र बोर्डवर थेट सोडलं. भिंतभर गोगलगाय! ती चालते तेव्हा तिच्या पोटाखाली लाटा सरकतात ते मलाच माहीत नव्हतं, पोरं आधी किंचाळली आणि मग एकदम चिडीचूप. एक म्हणाला हिला पाय नाहीत मग चालते कशी, दुसरा म्हणाला ती घसरगुंडी करते. मी उत्तर दिलं नाही. बोर्ड बंद केला, सगळ्यांना जमिनीवर पोटावर सरकायला लावलं, मग चित्रं काढली, मग गोगलगाय बागेत सोडून आलो. स्क्रीन चालू होती जेमतेम सात मिनिटं, आणि पुढचे चार दिवस वर्गात दुसरा विषय नाही.

दुसरं म्हणजे फोटो. मुलांनी ठोकळ्यांचा पूल बांधला आणि पडला, तर त्याचा फोटो दुसऱ्या दिवशी बोर्डवर लावते. "काल हा का पडला रे?" मग ती बोटाने फोटोवरच रेघा मारतात, इथे अजून एक हवा होता, हा तिरका होता. आणि परत ठोकळ्यांकडे पळतात. माझ्या मते बोर्डचा हा सगळ्यात चांगला उपयोग आहे आणि कंपनीच्या मेनूत हा कुठेच नाही.

गोष्टीसाठी प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर वेबसाइट वापरते, मराठी गोष्टी फुकट आहेत. चित्रं मोठी दिसतात म्हणून, कारण पुस्तक हातात धरलं की मागच्या रांगेला काही दिसत नाही. पण वाचते मी, थांबते मी. ज्या गोष्टी आपल्या आपण बोलतात त्यांचा आवाज बंद, कारण रेकॉर्डिंग पोराच्या तोंडाकडे बघून थांबत नाही ना.

आणि आमच्याकडे एक बी-बॉट आहे, मधमाशीसारखा पिवळा रोबो, पाठीवर बाणांची बटणं. पुढच्या एका बाणाला बरोबर १५ सेंटीमीटर पुढे जातो. मी जुन्या फ्लेक्सच्या मागच्या बाजूला तेवढेच चौकोन आखून ठाण्याचा नकाशा काढलाय, स्टेशन, तलावपाळी, कोपिनेश्वर, उपवन. मूल आधी स्वतः जमिनीवर पावलं टाकत जातं, पुढे, पुढे, वळ, पुढे, आणि मग बटणं दाबतं. रोबो तलावात गेला की जो हशा होतो! पण चूक कुठे झाली ते शोधून परत दाबतात, रडत नाहीत.

भेटीत काय बघायचं तर बोर्डची उंची बघा ताई. बहुतेक ठिकाणी तो मोठ्या माणसांच्या हिशोबाने लावलेला असतो, पोरांचा हात खालच्या पट्टीपर्यंतच पोचतो. आमचा तसाच होता, स्टुलावर उभं करायचो, एक पडता पडता वाचली तेव्हा खाली घेतला.

ऐरोली_वायरमन

ताईंना दंडवत. मी हे पॅनेल बसवायची कामं घेतो, थोडी आतली माहिती. बहुतेक पॅनेलच्या चौकटीतून न दिसणारे इन्फ्रारेड किरण आडवे-उभे जातात, मध्ये काहीही आलं की त्याला टच समजतो. बोटच पाहिजे असं नाही, बाही, कोपर, नाक, पेन्सिलचं मागचं टोक, सगळं चालतं. म्हणून लहान पोरं पंजा टेकवून उभी राहिली की भलतंच काहीतरी उघडतं आणि पोराला वाटतं आपण चुकलो. ऊन थेट पडत असेल तर कोणी हात न लावता पण टच लागतो कधीकधी, खिडकीसमोर लावू नका सांगून दमलो पण प्रिन्सिपल मॅडमना तिथेच फोटो चांगला येतो.

कागदावर लिहिलेलं असतं एका वेळी २० टच. पण आत भरलेले नर्सरीचे गेम बरेचदा एकच टच घेतात, तीन पोरांनी मिळून हात लावला तर पहिल्याचं ऐकतो. आणि त्या तयार कंटेंटमध्ये काय असतं तर स्नोमॅन, लाल रंगाचा बार्न, हिवाळाभर झोपणारं अस्वल. आमच्या ऐरोलीच्या पोराने स्नोमॅन कुठे बघायचा, फ्रीझरमध्ये? विचारायचा प्रश्न एकच, टीचर स्वतः पान बनवतात का, आणि मागच्या आठवड्यात बनवलेलं एखादं दाखवा.

नेरूळ_नाना

बालरोगतज्ज्ञ नाही पण नातवासाठी वाचलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की ३-४ वर्षांच्या मुलांनी बसून स्क्रीन बघणं दिवसाला १ तासाच्या वर नको, कमी तितकं बरं. आपल्याकडे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सही २ ते ५ वर्षांसाठी कमाल १ तासच म्हणते. शाळा अर्धा तास खाणार असेल तर घरी उरलं काय? कुठल्याच शाळेच्या माहितीपत्रकात हा आकडा नसतो, तोंडी विचारा.

बालवाडीवाली

नाना बरोबर. फक्त "बसून बघणं" हे शब्द महत्त्वाचे. पोटावर सरकणारं पोर बसलेलं नसतं 🙂 तरी मी आठवड्याचा हिशोब ठेवते, आणि कितीतरी दिवस बोर्ड उघडतच नाही.

निवृत्त_बाई

मी ठाण्यात नौपाड्यात बालवाडी चालवली, आता बंद. तुमची गोगलगाय आवडली. पण मला एक सांगा, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडला आदिवासी पाड्यांवर काम करत होत्या (तेव्हा ते आपल्या ठाणे जिल्ह्यातच, पालघर वेगळा झाला २०१४ ला), तिथे साधन काय होतं? शिंपले, बिया, पानं, खडे. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा अंगणात नेली, गुरांमागे असतात तर कुरणात नेली. परवा नेरूळच्या एका शाळेत गेले होते, फ्लेमिंगो शिकवत होते बोर्डवर, कार्टून, गुलाबी, गाणं म्हणणारा. अहो जानेवारी महिना, खरे फ्लेमिंगो रिक्षाने दहा मिनिटांवर चिखलात उभे आहेत!

बालवाडीवाली

बाई, तुमच्यापुढे काय बोलणार. पण बस, पालकांच्या सह्या, एका पोरामागे एक मोठं माणूस, हे जमवायला मला डिसेंबरपासून लागावं लागतं. वर्षातून एकदा जातो. जाऊन आल्यावर आमचेच फोटो बोर्डवर लावतो, कोणाला पक्षी दिसला, कोणाला नुसता चिखल दिसला, एकाला फक्त आइस्क्रीमवाला दिसला. कार्टूनने सुरुवात केली असती तर हे काहीच मिळालं नसतं, हे मान्य.

निवृत्त_बाई

आइस्क्रीमवाला दिसणारच. मग चालेल तुमचा बोर्ड.

अवांतर: केंद्राने २०२३ मध्ये ३ ते ८ वयासाठी जादुई पिटारा नावाचा शिकायच्या साहित्याचा संच काढला, त्यात खेळणी, बाहुल्या, कोडी, चित्रांची कार्डं, गोष्टींची पुस्तकं असंच आहे. म्हणजे आमचंच कपाट.

पाचपाखाडीचा_पक्या

उद्या शाळेत जाऊन गोगलगाय सोडतो गुपचूप.

सेक्टर२०ची_आई

सगळ्यांचे खूप आभार, उशिरा लिहितेय, मध्ये त्याला ताप होता. परत दोन शाळांत गेले, वर्ग चालू असताना वीस मिनिटं मागे बसू द्या म्हटलं. पहिलीने पॉलिसी नाही म्हणून सांगितलं, बोर्ड मात्र परत दाखवला, नुकताच पुसलेला, चकचकीत, माझ्याच डोक्याच्या उंचीवर.

दुसरी जरा जुन्या बिल्डिंगमध्ये आहे, मी आधी नावावर काट मारलेली. तिथे बसू दिलं. वीसपैकी पंधरा मिनिटं बोर्ड बंदच होता, पोरं वाळूत होती. मग टीचरने एका मुलीच्या आजीचा आवाज लावला, भोजपुरीत काहीतरी गाणं, आदल्या दिवशी फोनवर रेकॉर्ड केलेलं, आणि ती मुलगी जी तोपर्यंत टेबलाखाली होती ती बाहेर येऊन सगळ्यांना सांगायला लागली की ही माझी दादी. बाकी काही झालं नाही, कोणी फुगा फोडला नाही. स्वतः बनवलेलं पान दाखवा म्हटलं तर टीचरने डब्यांचं दाखवलं, आज कोणी काय आणलं, ज्याने आणलं त्याने फोटो ओढून पोळी, भात, इडली अशा टोपल्यांत टाकायचा.

बोर्डचा खालचा वीतभर भाग बोटांच्या ठशांनी बरबटलेला होता, तूप-साखर-पोळीचे असावेत. मी बघतेय म्हटल्यावर टीचर ओशाळल्या, मावशींना पुसायला सांगते म्हणाल्या. म्हटलं राहू द्या हो, आणि फॉर्म कुठे मिळतो ते विचारलं.