अश्रफ तळावरच्या बायका

मुजाहिदीन-ए-खल्क या इराणी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या संघटनेच्या फौजेत बायका रणगाडे चालवायच्या, पुरुषांवर हुकूम चालवायच्या, म्हणजे त्या मोकळ्या होत्या, असं काही जण म्हणतात. रणगाड्यांचं खरं आहे, पण त्याच बायकांचं बाकीचं आयुष्यही बघायला हवं.

इराकमधल्या त्यांच्या तळाला अश्रफ रबीई यांचं, म्हणजे संघटनेचे नेते मसूद रजवी यांच्या पत्नीचं, नाव दिलं होतं. शहाच्या तुरुंगातून त्या जानेवारी 1979 मध्ये सुटल्या आणि 8 फेब्रुवारी 1982 ला तेहरानमध्ये घरावर पडलेल्या छाप्यात मारल्या गेल्या. नंतर टीव्हीवर दिसलं ते भयंकर होतं. प्रेतांसमोर त्यांच्या लहानग्या मुलाला घेऊन उभा होता सरकारी वकील लाजवर्दी! शहानंतर आलेल्या इस्लामी राजवटीचं हे क्रौर्य विसरून संघटनेबद्दल बोलूच नये.

तरीही पुढे संघटनेने आपल्याच बायकांचं काय केलं? संघटनेची 1988 मधली इराणवरची चढाई फसली आणि त्यानंतर जोडप्यांना घटस्फोट घ्यायला लावले. नवऱ्यावरची माया नेत्याच्या चरणी वाहायची, ही त्यामागची शिकवण. 1991 च्या आखाती युद्धाच्या सुमारास शेकडो मुलं युरोप-अमेरिकेत धाडली, कित्येक तर परक्या घरांत. आई इराकमध्ये गणवेशात, डोक्याला रुमाल बांधून कवायतीला, आणि लेकरू जर्मनीत किंवा स्वीडनमध्ये. मिसरूडही न फुटलेली काही पोरं पुढे त्याच तळावर परतली, तीसुद्धा लढायला. हुद्दा मिळाला म्हणून याला मुक्ती म्हणायला माझं मन धजत नाही.

2016 पर्यंत उरलेल्या सगळ्यांना अल्बानियात हलवलं. तरुणपणी घर सोडलेल्या त्या बायका आता तिथेच म्हाताऱ्या होताहेत.