होउ यिफानने महिलांच्या जगज्जेतेपदाकडे पाठ का फिरवली?

राजारामपुरीकर:
माझी मुलगी आठवीत असून तीन वर्षांपासून बुद्धिबळाच्या वर्गाला जाते. दिव्या देशमुखने 2025 मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकल्यापासून ती इतर महिला खेळाडूंविषयीही वाचू लागली आहे आणि सध्या तिच्या डोक्यात चीनच्या होउ यिफानने घर केले आहे. तिचा प्रश्न असा की, चार वेळा जगज्जेती झालेली खेळाडू अवघ्या बाविसाव्या वर्षी या किताबाच्या शर्यतीतून आपणहून बाहेर कशी पडते? मला त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. कोल्हापुरातील स्पर्धांत तिला मुलींच्या गटात खेळवावे की मुलगे-मुली एकत्र खेळतात त्या खुल्या गटात, हा आमच्या घरातील वादही याच प्रश्नाशी जोडलेला आहे. जाणकारांनी कृपया लिहावे.

पटावरचा उंट:
ताई, उत्तर स्पर्धेच्या पद्धतीत आहे. त्या काळी महिलांचे जगज्जेतेपद एका वर्षी बाद पद्धतीने, तर पुढच्या वर्षी विजेती आणि आव्हानवीर यांच्यातील सामन्याने ठरत असे. बाद फेरीत दोन डावांतच निकाल लागतो. एक चूक झाली की जगज्जेतीलाही सामान बांधावे लागते. होउने 2010 मध्ये सोळाव्या वर्षी तुर्कस्तानात हा किताब मिळवला आणि 2011 मध्ये तिरानाला आपल्या कोनेरू हम्पीविरुद्ध एकही डाव न गमावता तो राखला. पण 2012 मध्ये खान्ती-मान्सीस्कला ती दुसऱ्याच फेरीत बाद झाली आणि किताब गेला. पुढच्या वर्षी अ‍ॅना उशेनिनाला तिने 5.5–1.5 असे नमवून तो परत मिळवला, 2015 च्या बाद स्पर्धेत ती खेळली नाही म्हणून किताब पुन्हा गेला आणि 2016 मध्ये मारिया मुझिचुकला 6–3 ने हरवून तिने तो परत आणला. समोरासमोरच्या सामन्यात तिला कोणी हरवू शकत नव्हते, तरी किताब हातचा जातच होता. हा खो-खो आपल्याला मान्य नाही, असे तिने जाहीरपणे सांगितले आणि ती त्या चक्रातून बाहेर पडली. मला तिचा हा निर्णय अत्यंत स्वाभिमानी वाटतो.

मंगळवार पेठ:
यात खुल्या स्पर्धांचीही बाजू आहे. 2012 मध्ये जिब्राल्टरला होउने हंगेरीच्या ज्युडिट पोल्गारला हरवून इंग्लंडच्या निगेल शॉर्टसह संयुक्त पहिला क्रमांक मिळवला होता. त्याच गावी 2017 मध्ये पहिल्या नऊ फेऱ्यांत तिच्या वाट्याला सात महिला प्रतिस्पर्धी आल्या, आणि तेही पुरुषांची संख्या कितीतरी जास्त असलेल्या स्पर्धेत. जोड्या संगणकाने लावल्या असे आयोजक सांगत होते, पण तिचे मन मानेना. निषेध म्हणून शेवटच्या फेरीत भारताच्या ललित बाबूविरुद्ध ती जवळजवळ अर्धा तास उशिरा आली, पहिल्याच खेळीत तिने राजाकडच्या घोड्यापुढचे प्यादे दोन घरे पुढे ढकलले, चौथ्या खेळीला शह चुकवण्यासाठी राजा पटाच्या मध्याकडे चालवला आणि पाचव्या खेळीनंतर डाव सोडून दिला. प्रेक्षकांचा विरस झाला हे खरे, परंतु बलाढ्य ग्रँडमास्टरांशी, म्हणजे बुद्धिबळातील सर्वोच्च किताब असलेल्या खेळाडूंशी, खेळायला मिळावे म्हणूनच ती तेथे आली होती, हेही विसरता येत नाही. त्याच वर्षी बीलच्या ग्रँडमास्टर स्पर्धेत तिने पहिला क्रमांक पटकावला. नुसत्या महिला स्पर्धा खेळून खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या गुणांकनात तिच्यासारखे 2686 पर्यंत पोहोचता येत नाही.

पन्हाळ्याचा हत्ती:
वरील दोघांशी मी पूर्णपणे सहमत नाही. होउ बाराव्या वर्षीच 2006 च्या महिला जगज्जेतेपद स्पर्धेत खेळली होती, आणि 2008 मध्ये नाल्चिकला अंतिम फेरीत रशियाच्या अलेक्झांड्रा कोस्तेनियुककडून हरली तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. अशा स्पर्धांतील दडपण सोसूनच ती घडली. दिव्यालाही ग्रँडमास्टर किताब महिला विश्वचषकाच्या वाटेनेच मिळाला. शिवाय होउच्या निर्णयामागे शिक्षणाची ओढ होती, हे कोणी लिहिलेच नाही. तिने पेकिंग विद्यापीठातून पदवी घेतली, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ती ऑक्सफर्डला गेली आणि 2020 मध्ये, सव्विसाव्या वर्षी, शेन्झेन विद्यापीठात प्राध्यापक झाली. बुद्धिबळाने तिच्यावरचा हक्क गमावला असे कोणी म्हणो. मला तरी तिने आयुष्याचा पट मोठा केला असे वाटते.

राजारामपुरीकर:
सर्वांचे मनापासून आभार. मुलीला हे सारे वाचून दाखवले. पुढच्या स्पर्धेत खुल्या गटात नाव द्यायचे तिने ठरवले आहे, मुलींची जिल्हा निवड चाचणी मात्र तिला सोडायची नाही. तिरानाच्या सामन्यातील हम्पीविरुद्धचे डाव तिला आता पटावर मांडून पाहायचे आहेत. होउने जिंकलेल्या तीन डावांपैकी कोणत्या डावापासून सुरुवात करावी, एवढे उंट यांनी सांगावे.

पटावरचा उंट:
जिंकलेले डाव नंतर पाहावेत, ताई. त्याआधी बरोबरीत सुटलेले पाच डाव मांडा. हम्पीने जोर लावला तेव्हा होउने बचाव कसा केला, ते तिला त्यात दिसेल.