प्लासिबो गट म्हणजे उपचारच नसलेला गट नव्हे

नैराश्यावरच्या गोळ्या आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेल्या साखरेच्या गोळ्या, यांत फरकच नाही, असं बऱ्याचदा म्हटलं जातं. हा मुद्दा बहुतेक वेळा मानसशास्त्रज्ञ अर्विंग कर्श यांच्या २००८च्या औषधचाचण्यांच्या विश्लेषणावरून येतो. त्यात नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या हॅमिल्टन मापनावर औषध घेणारे सुमारे ९.६ गुणांनी सुधारले, तर प्लासिबोवाले ७.८ गुणांनी. फरक छोटा, पण शून्य नाही. आणि प्लासिबोवाल्यांना नुसती गोळी मिळत नव्हती. कुणीतरी नियमित भेटून विचारपूस करत होतं, शिवाय काहींचं नैराश्य काळानुसार आपोआपही उतरतं. आपल्याकडे कित्येकांच्या वाट्याला तेवढी विचारपूसही येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

औषध कंपन्यांवर लोकांचा राग असतो, तो मात्र रास्त आहे. अमेरिकेतल्या औषध नियंत्रकाकडे नोंदलेल्या नैराश्याच्या औषधांच्या ७४ चाचण्या संशोधक एरिक टर्नर यांनी तपासल्या. प्रतिकूल किंवा संदिग्ध निकालाच्या ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नव्हत्या, ११ अनुकूल वाटतील अशा मांडल्या होत्या. डॉक्टर वर्षानुवर्षं हेच वाचून औषधं लिहीत होते!

पुढे २०१८मध्ये संशोधक चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी अप्रकाशित माहितीही धरून ५२२ चाचण्या एकत्र केल्या. २१च्या २१ औषधं प्लासिबोपेक्षा सरस ठरली, फरक बहुतांशी माफकच. ही सरासरी आहे. कुणाला बराच गुण येतो, कुणाला अजिबात नाही.

ही चर्चा वाचून कुणी चालू गोळी एकदम बंद करू नका, कळकळीने सांगतोय. चक्कर, झोप उडणं, अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो. डॉक्टरांशी बोलून डोस हळूहळू कमी करता येतो.