अनुभव धागा: वजनाची शस्त्रक्रिया होऊन गेली, त्यानंतरची वर्षे

गोदाकाठ

मागच्या रविवारी नाशिकला गंगापूर रस्त्यावर एका ठिकाणी आम्ही घरचे सहा जण मिसळ खायला गेलो होतो. शेजारच्या टेबलावर तिशीच्या आतली एक मुलगी बसली होती. मिसळ समोर आल्यावर तिने वरचे फरसाण चमच्याने हलकेच बाजूला केले, पावाची बशी नवऱ्याकडे सरकवली, पाण्याचा पेला हात पोचणार नाही इतका लांब ठेवला आणि चहाच्या चमच्याने मटकीचे चार-चार दाणे घेऊन इतक्या सावकाश चावायला सुरुवात केली की बाकीच्यांचा दुसरा पाव संपला तरी तिची वाटी अर्धीसुद्धा झाली नव्हती. मी यांना हळूच म्हटले, "हिचेही झालेले दिसते आहे." ओळख ना पाळख, तरी त्या पेल्यावरून मला ती आपल्यातली वाटली.

माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया २०१६ मध्ये झाली. तेव्हा वजन ११८ किलो होते, दीड वर्षात ते ७२ पर्यंत उतरले आणि आज ७९ वर स्थिर आहे. पहिल्या वर्षाच्या कथा सगळेच सांगतात, जुन्या आणि नव्या कपड्यांतली छायाचित्रे शेजारी-शेजारी लावतात. तिसऱ्या वर्षानंतर मात्र कोणी काही विचारत नाही आणि नेमक्या तेव्हाच विचारण्यासारख्या गोष्टी सुरू होतात. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि त्याबरोबर भुकेची जाणीव देणारे घ्रेलिन हे संप्रेरकही कमी होते, त्यामुळे सुरुवातीला माझी भूक जणू माहेरी निघून गेली होती. तिसऱ्या वर्षी एका सकाळी ती परत आली. पोळीचा वास आला आणि पोटात खड्डा पडला. मी ओट्याशी उभी राहून रडले, कारण सगळे फुकट गेले असे मला वाटले. डॉक्टर म्हणाले की ती येणारच होती, तुम्हाला तिच्याबरोबर राहायला शिकायचे आहे. ज्यांना तीन वर्षांहून अधिक काळ झाला आहे त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही येथे लिहावे.

सिडकोतला

मिसळ आली म्हणजे मागोमाग जिलेबी आलीच. माझा बायपास, म्हणजे हृदयाचा नव्हे, वजनासाठी जठर-आतड्याचा, २०१८ चा आहे. मिसळीबरोबर जिलेबी कशी काय, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना समजावता येते, आतड्याला समजावता येत नाही. दुसऱ्या वर्षी सगळे सुरळीत चालले आहे या मस्तीत मी दोन कडी खाल्ली. वीस मिनिटांत कानशिले तापली, छाती धडधडू लागली, पोटात मुरडा आला आणि रामकुंडात बुडी मारून आल्यासारखा सदरा घामाने भिजला. मी गाडीत मागच्या सीटवर पाऊण तास आडवा पडलो होतो आणि धाकटा भाऊ हृदयविकाराचा झटका समजून रुग्णवाहिका बोलावत होता. याला डंपिंग म्हणतात. जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी उरलेली असल्याने साखर कोठेही न थांबता थेट लहान आतड्यात उतरते आणि तेथे शरीरातले पाणी ओढून घेते. याचा दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. जेवणानंतर दोन-एक तासांनी रक्तातली साखर एकदम खाली येते, हात थरथरतात, आणि घाबरून पुन्हा गोड तोंडात टाकले की तेच चक्र परत फिरते. मी आता डाळ, अंडे किंवा पनीर आधी खातो आणि भाताचे दोन घास शेवटी घेतो.

मधुमेहाबद्दल प्रामाणिकपणे सांगतो. शस्त्रक्रियेआधी मी इन्सुलिनवर होतो, नंतर पाच वर्षे काहीच लागले नाही, आणि गेल्या वर्षी एक गोळी परत सुरू झाली. नातेवाइकांनी "मग उपयोग काय झाला?" असे विचारले. पाच वर्षे बिनसुईची गेली, हा उपयोग झाला.

गोदाकाठ

रामकुंडातली बुडी वाचून हसू आले, त्याबद्दल क्षमा असावी. मला डंपिंगचा त्रास फारसा होत नाही, पण स्लीव्हनंतर रात्री आंबट पाणी घशाशी येते. त्यासाठी सातच्या आत जेवण आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन विटा, अशी आमची व्यवस्था आहे.

पासधारक

मी नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईच्या दिशेने जाते. माझ्या बायपासला सात वर्षे झाली. पहिली तीन वर्षे मी सर्व गोळ्या इमानेइतबारे घेतल्या आणि चौथ्या वर्षी, वजन उत्तम आहे, तब्येत उत्तम आहे, मग हा रोजचा खुळखुळा कशाला, असे म्हणून हळूहळू सोडून दिल्या. त्यानंतर वर्षभर काहीच झाले नाही आणि येथेच फसगत होते, कारण ब-१२ जीवनसत्त्वाचा यकृतातला साठा बराच काळ पुरतो. मग पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना धाप लागू लागली आणि कल्याणला उतरायचे असूनही मी दादरपर्यंत बसून राहण्याइतकी विसरभोळी झाले. प्रवासाचा शीण असेल असे मीही म्हटले आणि घराजवळच्या डॉक्टरांनीही म्हटले. त्यांनी एक टॉनिक लिहून दिले. शेवटी रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ७.८ निघाले. लोह शिरेतून द्यावे लागले आणि ब-१२ ची इंजेक्शने घ्यावी लागली. बायपासमध्ये अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून पुढे जाते, आणि लोह मुख्यतः त्या सुरुवातीच्या भागातच शोषले जाते. त्यामुळे पालक-बीट कितीही खाल्ले तरी आपल्याला गोळ्या जन्मभर लागतात.

माझे वेळापत्रक असे आहे: सकाळी गाडीत बसल्यावर मल्टिव्हिटॅमिन, दुपारी डब्यानंतर कॅल्शियम सायट्रेट, रात्री झोपताना लोह. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचे अंतर हवे आणि लोहाच्या आसपास चहा नको. इगतपुरीला चहावाला डब्यात चढतो आणि रोज मला विचारतो, म्हणून लोह मी रात्रीवर ढकलले.

एक_वाटी

आपल्या शहरातल्या थाळीच्या हॉटेलांवर कोणी लिहील का? "एका थाळीत दोघांना जेवता येणार नाही" ही पाटी पाहिली की मला रांगेतूनच परत फिरावेसे वाटते. मी पूर्ण थाळीचे पैसे मोजतो आणि अर्धी पोळी व वाटीभर डाळ खाऊन उठतो, तेव्हा वाढपी दादा बिचारे "काही चुकले का साहेब?" असे विचारतात.

सिडकोतला

मला रुग्णालयाने एक कार्ड दिले होते, त्यावर शस्त्रक्रियेमुळे कमी आहाराची गरज असल्याचे लिहिलेले आहे. एका ठिकाणी मी ते दाखवले. मालकांनी चष्मा लावून सावकाश वाचले, अर्ध्या दरात थाळी दिली आणि जाताना बाजूला घेऊन स्वतःसाठी डॉक्टरांचा पत्ता विचारला.

सासूबाई_नाशिकरोड

माझ्या सुनेची शस्त्रक्रिया होऊन सहा वर्षे झाली. घरच्यांनीही लिहावे असे म्हटले आहे म्हणून लिहिते. सुरुवातीचे सहा महिने मी तिची शत्रू होते. ताटात दोन चमचे भाजी पाहून माझा जीव तुटत असे आणि मी मागून येऊन तूप वाढत असे. एकदा माझ्या आग्रहाखातर तिने एक पुरी जास्त खाल्ली आणि सर्व पाहुण्यांसमोरून उठून तिला ओकायला जावे लागले. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी मी हात आवरला.

त्यानंतर तिच्या आहारतज्ज्ञांना मी स्वतः भेटले. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत आणि एका अंड्यात ती फक्त सहा ग्रॅम असतात, हे ऐकून मला घामच फुटला, कारण पोर जेवते ते पाखरासारखे. मुगाचे धिरडे, घरचे पनीर, दह्याचा चक्का, मोड आलेल्या मटकीची मऊ उसळ असे फिरते ठेवते, आणि तरी कमी पडते म्हणून प्रथिनांची पावडर ताकात घालून देते. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी द्यायचे नाही, हे पाळताना मला अजूनही कसेसेच होते. एकादशीचा साबुदाणा मात्र आमच्या घरातून हद्दपार झाला आहे. मी तिला सांगितले की तुझा उपास मी करीन, तू अंडे खा.

पासधारक

सासूबाई, आपल्याकडे एखादी जागा रिकामी असल्यास कळवावे.

पंचवटीकर

येथे सगळेच शहाणे दिसत आहेत, म्हणून एका वेड्याचाही अनुभव असू द्यावा. माझे वजन १३६ वरून ८८ झाले होते आणि पाचव्या वर्षी ते १०५ झाले. लोक समजतात की आम्ही पुन्हा ताटे भरून जेवू लागलो. तसे काहीही झालेले नाही, आजही अख्खी भाकरी मला जात नाही. गोम अशी आहे की भाकरी, कोंबडी, उसळ हे पदार्थ छातीशी अडतात आणि चिवडा अडत नाही. भाजक्या पोह्यांचा चिवडा तोंडातच विरघळतो, चहाच्या घोटाबरोबर खाली घसरतो आणि जागा पुन्हा रिकामी होते. माझे किराणा दुकान आहे. गल्ल्याच्या उजव्या हाताला चिवड्याची बरणी होती आणि दिवसभरात माझ्या किती चिमटी होत असतील याची गणती नव्हती. जे खाल्ल्याने त्रास होतो ते आपण टाळतो आणि ज्याने त्रास होत नाही तेच वजन वाढवते, हे समजायला मला सतरा किलो लागले.

त्याहून वाईट म्हणजे या दोन वर्षांत मी लाजेने तपासणीलाच गेलो नाही. डॉक्टर रागावतील असे वाटत होते. अखेर गेलो तेव्हा त्यांनी आधी दुर्बिणीची तपासणी करून पिशवी पसरली नसल्याची खात्री केली आणि मग आहारतज्ज्ञांनी फक्त एक काम सांगितले, ते म्हणजे प्रत्येक चिमूट वहीत लिहिणे. उधारीच्या वहीतच मागच्या पानापासून माझ्या नावावर मांडू लागलो. बरणी आता दुकानाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि वजन ९६ आहे. वजन उतरवण्यासाठी आठवड्याला एकदा घेण्याच्या नव्या इंजेक्शनांबद्दलही डॉक्टरांनी सुचवले आहे, अजून मी ठरवलेले नाही.

डोंगरवाट

गेल्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा ब्रह्मगिरी चढलो. १४० किलोच्या काळात मी त्र्यंबकला मंदिराच्या रांगेतच खुर्ची मागत असे, त्यामुळे वर गोदावरीच्या उगमाशी पोचल्यावर मला शब्द सुचेना. पुढचे मात्र सर्वांनी लक्षपूर्वक वाचावे. उतरल्यावर गुडघे भरून आले म्हणून औषधाच्या दुकानातून साधी वेदनाशामक गोळी घेतली आणि आठ दिवस चालू ठेवली. नवव्या दिवशी डांबरासारखी काळी शौचाला झाली. बायपासमध्ये जठराची पिशवी आतड्याला जोडतात त्या जोडावर व्रण होऊन रक्त गेले होते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वर्गातल्या गोळ्या बायपासवाल्यांनी टाळायच्या असतात हे मला सांगितलेले होते, पण चार वर्षांत मी ते विसरलो. आता पाकिटात आधार कार्डाच्या मागे त्या गोळ्यांची नावे लिहिलेली चिठ्ठी ठेवली आहे.

नवरा_म्हणून_लिहितो

माझ्या पत्नीचे ५२ किलो वजन उतरले, त्याचे सर्वांनी कौतुक केले. चौथ्या महिन्यापासून तिचे केस मूठ-मूठ जाऊ लागले, तेव्हा ती न्हाणीघराचे दार लावून जाळीतले केस गोळा करत बसे. ते वर्षभरात परत आले. कातडी मात्र परत आवळली नाही. नाशिकचा एप्रिल सर्वांना ठाऊक आहे. पोटावरच्या लोंबणाऱ्या घडीखाली घाम साचून चट्टे उठतात, म्हणून जुन्या सुती धोतराच्या पट्ट्या कापून ती दिवसातून तीनदा बदलते. ती कातडी काढण्याच्या शस्त्रक्रियेला विमा कंपनीने सौंदर्यासाठीचा उपचार म्हणून नकार दिला. चट्ट्यांवर उपचार केल्याचे कागद जोडून आम्ही पुन्हा अर्ज केला आहे. ती आरशासमोर उभी राहून म्हणते की मी आता कपड्यांत बारीक आणि कपड्यांशिवाय म्हातारी दिसते. यावर काय बोलावे हे मला अजून सापडलेले नाही, त्यामुळे मी पट्ट्या धुऊन वाळत घालतो.

गोदाकाठ

पट्ट्या धुऊन देणे पुष्कळ आहे.

सातपूरची

द्राक्षांच्या गावात राहून कोणीच वाइनचा विषय काढला नाही याचे नवल वाटते. बायपासनंतर मद्य फार वेगाने रक्तात जाते. मैत्रिणींबरोबर धरणाच्या बाजूला एका ठिकाणी गेले असता अर्ध्या पेल्यात मला गरगरले आणि गाडीची किल्ली दुसरीकडे द्यावी लागली. मी ते पूर्ण सोडले आहे. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांची खाण्याची ओढ गेली आणि तिच्या जागी बाटली आली. त्यांच्यासाठी पुण्याला व्यसनमुक्तीचे उपचार चालू आहेत.

पुढच्या_महिन्यात

माझी शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे. लग्नाला दोन वर्षे झाली आहेत आणि घरून बाळाची घाई आहे. कोणाला याचा अनुभव आहे का?

पासधारक

मला मुलगी शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या वर्षी झाली. साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, कारण वजन झपाट्याने उतरत असताना गर्भाला पोषण पुरत नाही. गर्भारपणात साखरेचे पाणी पाजून जी तपासणी करतात, तिच्याआधी बायपास झाल्याचे आवर्जून सांगा. मी सांगितले नव्हते आणि प्रयोगशाळेच्या बाकावरच मला डंपिंग झाले. घरच्यांना डॉक्टरांच्या समोर बसवून हे ऐकवा, आपण सांगितलेले पटत नाही.

एक_वाटी

सासूबाईंना एक विचारायचे राहिले. इतक्या लहान वाट्या आणि चमचे आपण कोठून आणलेत? आमच्या घरातली सर्वांत लहान वाटीसुद्धा दोन घासांनंतर रिकामी-रिकामी दिसते.

सासूबाई_नाशिकरोड

भांडी बाजारात जावे आणि नैवेद्याच्या वाट्या मागाव्यात. दुकानदाराने मला विचारले, "कोणत्या देवासाठी?" मी म्हटले, "सुनेसाठी." त्याने सहाच्या भावात सात दिल्या.